पेनल्टीनंतरचा वाडगा

रास मर्जान, ५ मे

दोर्रा पोरी,

पत्र पोचलं. एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, कारण वाटलं आपणच काहीतरी भलतं वाचतोय. पहिल्या विभागाचा सामना, तोही पुरुषांचा, आणि मधोमध शिट्टी घेऊन तू. इतकी वर्षं तुला रेषेवर झेंडा हलवायला उभं केलं मेल्यांनी, आता कुठे अक्कल आली म्हणायची. तुझी आई असती तर तिने अख्ख्या केफ गावाला सरबत पाजलं असतं. कुणाला सांगू नकोस म्हणतेस, तर नाही सांगत. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळी गल्ली म्हणते, पण या वेळी भिजवून दाखवते.

सामना कुठला, कुणाचा, ते काही तू लिहिलं नाहीस. लिहिलंस तरी मला काय कळणार म्हणा. चेंडू एक आणि त्याच्यामागे पळणारे इतके, यापलीकडे माझी मजल नाही. मात्र एक विचारते. एवढे धडधाकट पुरुष तुझ्या शिट्टीवर पळतात आणि तुझ्याच शिट्टीवर थांबतात, त्यातला एखादा कायमचा थांबवून ठेवायला काय हरकत आहे? तुझ्या वयाची असताना माझा संसार जुना झाला होता.

फोन मात्र करू नकोस. गल्लीत फोन एकच, तो शेजारच्या शाद्लियाकडे, आणि तिचा मुलगा खमैस म्हणजे आपल्या मर्जान क्लबचा अध्यक्ष. तू तिकडून "कशी आहेस मावशी" म्हणायचा अवकाश, इकडे क्लबच्या कचेरीत त्यावर चर्चा सुरू. शाद्लिया स्वतः सोन्यासारखी आहे, पण तिच्या मुलाचे कान सशाचे आहेत. तू आपली कागदावर लिहीत जा.

तुझी,
मन्नूबिया मावशी


ट्युनिस, ८ मे

मावशी,

बसून वाच. सामना अठरा तारखेचा आहे आणि तुझ्याच गावात आहे. मर्जान विरुद्ध हिलाल. मर्जान हरला तर दुसऱ्या विभागात घसरणार, म्हणजे तुझ्या गल्लीत त्या दिवशी काय वातावरण असेल ते मी तुला सांगायला नको.

मी लपवाछपवी केलेली नाही. पंच-समितीचे अध्यक्ष सी तिजानी यांना स्वतः जाऊन सांगितलं, की माझी सख्खी मावशी तिथे राहते आणि लहानपणी माझे सगळे उन्हाळे तिच्याकडेच गेलेत. त्यांनी विचारलं, मावशीचा नवरा क्लबात आहे का. म्हटलं, काका समुद्रात गेले, त्यालाही वर्षं झाली. मुलगा? नाही. मग म्हणाले, नुसती मावशी हे काही नातं नव्हे. बायकांकडची नाती धरायला लागलो तर या देशात शिट्टी वाजवायला माणूस उरणार नाही.

माणूस वाईट नाही, मावशी, पण मला नावाने हाक मारत नाही. "आमचा प्रयोग" म्हणतो. परवा चहा पिता पिता हसत म्हणाला, प्रयोग फसला तर पुढची दहा वर्षं तरी या यादीत बाई येणार नाही, तेव्हा जपून. मी पण हसले. घरी आले आणि बूट काढायचं सुचेना. माझ्यामागे रेषेवर झेंडा घेऊन चार मुली उभ्या आहेत. मी घसरले की त्या चौघी घसरल्या.

तेव्हा तुझ्या पाया पडते. सामना होईपर्यंत खमैसच्या घराशी काही म्हणजे काही देणंघेणं नको. ना फोन, ना पाव, ना चिमूटभर मीठ. त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही आणि त्यांना काही द्यायचं नाही. तू कबूल केलंस की मला निश्चिंत झोप लागेल.

तुझी,
दोर्रा


रास मर्जान, १२ मे

पोरी,

तुझं पत्र घेऊन पोस्टमन आला तेव्हा चमचा माझ्या तोंडात होता, आणि चमच्यात होती शाद्लियाची झगूगूची खीर.

आता थुंकू की गिळू? गिळली. अगं, काल पैगंबरांच्या जन्माचा मौलिद झाला. चाळीस वर्षं झाली, मौलिदच्या सकाळी तिचा खिरीचा वाडगा माझ्याकडे येतो आणि माझा तिच्याकडे जातो. यंदा माझी खीर बुडाला लागली. झगूगूचे, पाइनचे ते काळे दाणे एवढे महाग आणि जळले एका गप्पेत, म्हणून माझा वाडगा गेलाच नाही. तिचा मात्र आला, आणि वरती बदाम-पिस्त्यांनी तिने काय काढलं असेल? क्लबचं चिन्ह, मासा. त्याची शेपटी मी कालच खाल्ली होती, आज न्याहारीला डोक्यापर्यंत पोचले होते, तेवढ्यात तुझं फर्मान.

बरं, घ्यायचं नाही म्हणालीस ते घेऊन झालं, त्याला आता इलाज नाही. पण द्यायचं नाही म्हणतेस, त्याचं काय करू? भरून आलेला वाडगा रिकामा परत देता येत नाही. तसं करणारी बाई मी माझ्या जन्मात पाहिली नाही, पाहायची इच्छाही नाही. आणि भरून द्यायला तू मनाई केलीस. म्हणजे वाडगा द्यायचाच नाही. तो मी धुऊन कपाटात कुसकुसच्या भांड्यामागे लपवलाय आणि कपाटाला कुलूप घातलंय, जसा काही मी तो चोरून आणलाय.

आज सकाळी शाद्लिया दारात उभी राहून हवापाण्याचं बोलली, मग छताकडे बघत म्हणाली, "माझा निळा वाडगा कुठे ठेवलाय कोण जाणे, हल्ली काही लक्षात राहत नाही." चाळीस वर्षांत तिने मला असा टोमणा मारला नव्हता. मी गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगायला लागले. तिला वाटलं असेल म्हातारी हातातून गेली. पण तुला शब्द दिला तो दिला. सामना होईपर्यंत वाडगा हलणार नाही.

माझ्या गच्चीवरून मैदान दिसतं म्हणून सामना बघायला मी वर जाणार नाही, ते तूही मनातून काढून टाक. गुडघे आहेत का माझे जिने चढायचे?

तुझी,
मावशी


ट्युनिस, १९ मे

मावशी,

जिवंत आहे, धड आहे. पाठीत एक टोमॅटो बसला, तोही चांगला लालबुंद. तुमच्या गावात नासाडी फार.

तिथे बाईला कपडे बदलायला खोली नव्हती. कुणाला सुचलंच नव्हतं. अर्धा तास किल्ल्यांची शोधाशोध झाली आणि शेवटी खमैसची कचेरी उघडून दिली. टेबलामागे त्याचा हा एवढा मोठा फोटो, मिशांसकट, माझ्याकडे टक लावून बघतोय. मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि जाताना सरळ करायला विसरले.

पहिल्या अर्ध्यात पोरं इतक्या अदबीने वागली की मलाच धास्ती बसली. एकमेकांना तुडवायची आणि माझ्याकडे वळून "माफ करा, बाईसाहेब" म्हणायची. दुसऱ्या अर्ध्यात माणसांत आली. हम्मादीला, म्हणजे खमैसच्या मुलाला, शाद्लियाकाकूंच्या नातवाला, दोन पिवळी कार्डं दाखवून बाहेर काढावं लागलं. आणि मग खेळ संपायला आलेला, शून्याला शून्य, बरोबरी झाली असती तरी मर्जान वाचला असता, अशा वेळी बंदराकडच्या गोलासमोर मर्जानच्या फेतीने चेंडू हाताने अडवला.

शिट्टी वाजवली तर काय होईल ते मला पक्कं ठाऊक होतं. तुझं गाव, तुझी गल्ली, सी तिजानींचा चहा, सगळं एकदम डोक्यात आलं. आणि तोवर शिट्टी वाजून गेली होती. हिलालने गोल केला. मर्जान खाली गेला.

मला पोलिसांच्या गाडीत बसवून बाहेर काढलं. तुझ्या दारासमोरून गाडी गेली पण उतरता आलं नाही. तेव्हापासून तो हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हात होता, मावशी. होता ना? विचारायचं कुणाला? रेषेवरचे दोघेही म्हणतात आम्ही नेमके दुसरीकडे बघत होतो. एवढ्या मोठ्या मैदानात तो हात बघणारी मी एकटीच, हे फार वाईट असतं.

आणि हो. मैदानालगतच्या सगळ्या गच्च्या बायकांनी भरल्या होत्या, म्हणे मिरच्या वाळवायला. मे महिन्यात? अजून रोपांना फूल नाही. आणि तुझ्या गच्चीच्या कठड्यावर हिरवी शाल पांघरून कोण ओणवं झालं होतं?

दोर्रा


रास मर्जान, २१ मे

पोरी,

हिरवी शाल वाळत घातली होती. वाऱ्याने ओणवी झाली असेल. मिरच्या गेल्या सालच्या, त्यांना ऊन दाखवत होतो.

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही. पण त्याच संध्याकाळी बेकरीत बोलत होते ते कानावर आलं, की फेतीचा हात अंगापासून चांगला वीतभर लांब होता, चेंडू कोपराच्या खाली लागला, आणि तो रेषेच्या एक पाऊल आत उभा होता. म्हणून पेनल्टी. शिवाय हिलालचा आधीचा गोल तू ऑफसाइड म्हणून काढून टाकलास तोही बरोबर, कारण त्यांचा तो उंच पोरगा पास सुटायच्या आधीच पुढे घुसला होता. हे सगळं बेकरीवाला म्हणाला. मी आपली पाव घेऊन आले.

गावात माझं काही खरं नाही. पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात तसं झालंय. कोळी मला बघितलं की टोपलीतला सगळ्यात केविलवाणा मासा काढतो. पण नाचता येईना अंगण वाकडं. वर्षभर हरत आले आणि शेवटच्या दिवशी पंच वाईट.

एक काम मात्र उरकलं. सामना संपला, तुझी मनाई संपली. दुसऱ्या दिवशी उजाडताच खजुराचे मकरूद तळले, मधात बुडवले, शाद्लियाचा वाडगा काठोकाठ भरला, वर इस्त्रीचा रुमाल झाकला आणि भर गल्लीतून ताठ मानेने तिच्या दारात नेऊन दिला. सगळे ओट्यावर बसले होते, सगळ्यांनी बघितलं. बघू देत. शाद्लियाने वाडगा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि दार लावलं. क्लब खाली गेला, नातवाला हाकललं, मग राग यायचाच. पण माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

तुझी,
मावशी


ट्युनिस, २८ मे

मावशी,

सामना रविवारी होता आणि बेकरी रविवारी बंद असते. ते असू दे.

तू काय करून ठेवलंस ते सांगते. खमैसने समितीकडे तक्रार केली आहे. त्याचं म्हणणं असं, की सामन्याच्या दुसऱ्याच सकाळी, गावासमक्ष, पंचाच्या सख्ख्या मावशीने मकरूदांनी भरलेला वाडगा त्याच्या घरी पोचवला. आपल्याकडे ज्या घराकडून अन्याय होतो ते घर दुसऱ्या दिवशी गोड पाठवून माफी मागतं. म्हणजे पेनल्टी खोटी होती हे पंचाच्या घरच्यांनीच कबूल केलं. खाली साक्षीदारांच्या सह्या आहेत, आणि प्रत्येकाने आपण त्यातला मकरूद खाल्ल्याचं शपथेवर लिहून दिलंय. एकाने तर छान झाले होते असंही लिहिलंय. शिवाय भिंतीकडे वळवलेला फोटो हा माझ्या मनातल्या वैराचा पुरावा.

हसू नकोस. सुनावणी पाच जूनला आहे. तक्रार मान्य झाली तर सामना पुन्हा होईल आणि माझं नाव यादीतून जाईल. सी तिजानी आता चहा विचारत नाहीत. मावशी हे नातं नव्हे म्हणणारा माणूस काल मला म्हणाला, आधी का नाही सांगितलंस की मावशी इतकी जवळची आहे.

आता शांतपणे वाच. माझी वकील मैत्रीण सिहाम म्हणते, या चोराच्या उलट्या बोंबा आहेत आणि त्याला तोडही सोपी आहे. वाडगा जर व्यवहार असेल, तर पहिला वाडगा कुणाचा? खमैसच्या घरून आलेला, सामन्याच्या आधी आलेला, त्यावर क्लबचा मासा काढलेला. तू फक्त दोन ओळी लिहून दे. वाडगा आला, आणि त्याबरोबर "पोरीला आमचं सांग" असा निरोपही आला. सही कर. बाकी सिहाम बघेल. मग खमैसला स्वतःलाच तोंड लपवायला जागा उरणार नाही.

निरोप आला नव्हता, माहीत आहे मला. पण वाडगा तर आला होता ना. मी सगळी उमेद या शिट्टीवर लावली आहे, मावशी. दोन ओळी.

दोर्रा


रास मर्जान, ३० मे

दोर्रा,

नाही.

तुझं पत्र वाचून मी ओट्यावर बसून रडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं डोळ्यात मिरची गेली, मे महिन्यात. माझ्यामुळे झालं. तू घ्यायचं-द्यायचं नाही म्हणालीस म्हणून वाडगा अडवून बसले, आणि अडवून बसले म्हणून तो नेमका नको त्या दिवशी गेला. करायला गेले एक, झालं भलतंच. मला फासावर दे. समितीपुढे येऊन मी म्हणेन की म्हातारीला भ्रम झालाय, तिला वार कळत नाही. पण ती सही मागू नकोस.

तू सहा वर्षांची असताना इथे गोवर काढलास. तुझे काका बोटीवर होते. दिवस तू माझ्या मांडीवर आणि रात्र शाद्लियाच्या, तेव्हा कुठे मला पाठ टेकता यायची. पुढे तुझे काका परत आले नाहीत, तेव्हा बंदरावर माझ्याबरोबर कोण बसलं होतं? सगळे दोन दिवसांनी घरी गेले. ती चूल तिथे आणून बसली. त्या बाईने मौलिदची खीर दिली ती मौलिदची खीर होती. मासा काढला कारण तिला दुसरं काही काढता येत नाही, गेल्या साली काढला तो बोकड वाटत होता. आणि मी लिहून देऊ की ती लाच होती? त्या कागदावर माझं नाव दिसलं की ती काही बोलणार नाही, फक्त खाली बघेल. मला ते बघायचं नाही.

आता सगळंच बोलते आहे तर हेही ऐक. गच्चीवर मी होते. शाल माझी आणि आत मीही. दर सामन्याला असते. आम्ही सगळ्याच असतो, पुरुषांना वाटतं मिरच्या वाळवतायत. हात होता, पोरी. मी बघितला. तू एकटी नव्हतीस. पण मावशीची साक्ष कोण धरणार? शाद्लिया तिच्या गच्चीवर होती, मधे भिंत आहे, तिने काय बघितलं कोण जाणे. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. समोरासमोर आलो तरी बादली उचलून आत जाते. आज तिने माझ्या दारापुढचा भाग सोडून गल्ली झाडली.

मला माफ कर. पण नाही.

मावशी


ट्युनिस, ६ जून

मावशी,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही कारण मी फार चिडले होते. सिहामला म्हटलं, माझ्या मावशीला माझ्यापेक्षा शेजारीण जवळची. दोन दिवस तोंड फुगवून बसले. मग सराव सामन्यात एक पोरगा माझ्यासमोर धाडकन पडला आणि सगळे फाउल, फाउल ओरडायला लागले. मी काही बघितलं नव्हतं, म्हणून शिट्टी वाजवली नाही. आणि तिथेच मैदानात उभी राहून मला माझीच लाज वाटली. मी जे बघितलं नाही त्यावर शिट्टी फुंकत नाही, आणि तुला मात्र न आलेल्या निरोपावर सही कर म्हणत होते. सिहामला सांगितलं, वाडग्याचं काही काढायचं नाही. ती म्हणाली मग हरशील. म्हटलं बघू.

काल सुनावणी झाली. मी आधी जाऊन बसले. लांब टेबल, पलीकडे समितीचे पाच जण, मधे सी तिजानी. दार उघडलं आणि खमैस आत आला. त्याच्या हाताला धरून कोण? शाद्लियाकाकू. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्याशुभ्र सफसारीत गुंडाळलेल्या. त्याने त्यांना साक्षीदार म्हणून आणलं होतं. वाडगा ज्यांच्या हातात दिला, त्यांनीच सांगावं म्हणजे बिनतोड, असा त्याचा हिशेब. स्वतःच्या गाडीने आणलं, वाटेत आइस्क्रीम खाऊ घातलं होतं. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सी तिजानींनी विचारलं, वाडगा आला होता का. आला. कुणाकडून? मन्नूबियाकडून. खमैस मिशांवरून हात फिरवायला लागला. मग त्यांनी विचारलं, का आला असावा. काकू म्हणाल्या, वाडगा माझाच होता म्हणून. मौलिदला खीर घालून दिला होता. तो परत नको का यायला?

खमैस मधेच म्हणाला, पण तो भरलेला का आला ते विचारा. तेव्हा काकूंनी पहिल्यांदा मान वर केली आणि थेट सी तिजानींना विचारलं, "तुमची बायको शेजारणीचा वाडगा रिकामा परत पाठवते का?"

सी तिजानी खोकायला लागले. उजवीकडचे जाडे सदस्य म्हणाले, आमच्याकडे तर शेजारच्यांचा वाडगा अजून पडून आहे. दुसऱ्याने विचारलं, अजून? तो म्हणाला, बदाम महाग झालेत. मग पाचही जण त्यात पडले. कुणाच्या घरात कुणाचं भांडं किती दिवस आहे याचा असा काही हिशेब निघाला की मला वाटलं माझी सुनावणी बहुधा उद्यावर गेली.

खमैसचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. विषय परत आणायला म्हणून तो म्हणाला, आई, ते जाऊ दे, पेनल्टीबद्दल सगळी गल्ली काय म्हणते तेवढं साहेबांना सांग. हे त्याने विचारायला नको होतं.

काकू म्हणाल्या, "गल्ली काय म्हणते ते गल्लीला विचार. मी गच्चीवर होते. फेतीचा हात चेंडूला लागला. मी बघितला."

खमैसला तर आधी कळेचना. तू गच्चीवर काय करत होतीस, असं त्याने विचारलं. "मिरच्या वाळवत होते," काकू म्हणाल्या. मग तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "आई, आपला क्लब खाली जाईल." त्यावर त्या इतक्या सहज म्हणाल्या, "खाली गेला तर वर आण. अध्यक्ष तुला कशाला केलंय?"

तक्रार फेटाळली, मावशी. माझं नाव यादीत राहिलं. फोटोबद्दल समज मिळाली, यापुढे फोटो सरळ करून जायचं. सी तिजानींनी जाताना चहा विचारला आणि पहिल्यांदाच "दोर्राबाई" म्हणाले. मी चहा सोडून काकूंच्या मागे धावले. खमैस रागाने आईला न घेताच गाडी घेऊन निघून गेला होता, आणि त्या बसथांब्याचा रस्ता विचारत होत्या. मी हात धरायला गेले. त्यांनी हात सोडवून घेतला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चालायला लागल्या.

मी बसथांब्यापर्यंत त्यांच्या मागे मागे गेले, लहान पोरीसारखी. त्या वळून बघेनात. मला वाचवून ती बाई माझ्यावर इतकी रागावली का आहे? तू विचार. आणि मी तुला जे लिहायला सांगितलं होतं ते तिला कधी कळू देऊ नकोस.

तुझी,
दोर्रा


रास मर्जान, ९ जून

दोर्रा बाळा,

शाद्लिया माझ्यासमोर बसली आहे. काल बादली घेऊन आली आणि म्हणाली, तुझ्या नळाला पाणी बरं येतं. माझ्या नळाला गेला आठवडाभर पाणी नाही. मग दोघी रडलो, मग कॉफी झाली. ती इथे माझ्याशी का बोलत नव्हती, माहीत आहे? पहिल्या दिवशी राग होता, पण मग खमैसने सांगून ठेवलं की साक्षीदाराने पंचाच्या माणसांशी बोलायचं नसतं. तू मला घातलीस तीच मनाई त्याने तिला घातली. दोघी आपापल्या घरात नियम पाळत बसलो होतो.

मी विचारलं, मग पोरीवर का रुसलीस? म्हणाली, तिलाच सांगते, तू लिही. तिला लिहिता येत नाही, म्हणून खाली मी लिहिते आहे. शब्द तिचे. लिहून झालं की वाचून दाखवायला लावीन म्हणते, म्हणून बदल नाही.

"दोर्रा, मी शाद्लिया. हाताला चेंडू लागला तो मी बघितला म्हणून सांगितला, त्यात उपकार नाहीत, आभार मानू नकोस. माझा राग वेगळाच आहे. हम्मादीचं पहिलं पिवळं कार्ड मला मान्य आहे. तो लहानपणापासून आडदांड आहे. पण दुसरं? त्याने त्या हिलालच्या पोराला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तो पोरगा आपल्याच पायात पाय अडकून पडला. मी कठड्यावरून बघत होते. (मन्नूबिया म्हणते तिथून दिसत नाही. तिने गप्प बसावं.) माझा नातू बाहेर गेला, दहाच जण उरले, म्हणून फेती दमला, म्हणून त्याचा हात वर गेला. त्या साहेबलोकांसमोर मी बोलले नाही, कारण त्यांना तेवढंच निमित्त झालं असतं. ते तुला बाई म्हणून सांभाळून घेतील नाहीतर बाई म्हणून हाकलतील. मला तुझ्या बाईपणाशी काय करायचंय, मी स्वतः बाई आहे. तू पंच आहेस. कार्ड का दाखवलंस त्याचा जाब दे."

एवढंच. ती म्हणते उत्तर आल्याशिवाय ती माझ्याकडे जेवणार नाही. तू लवकर लिही, मी कुसकुस भिजवला आहे.

तुझी,
मावशी


ट्युनिस, १२ जून

आदरणीय शाद्लियाकाकू,

तुमचं पत्र आलं आणि मी दारातच उभी राहून ते वाचलं. रडू आलं, आनंदाने आलं, ते लपवत नाही. इतकी वर्षं मैदानात आहे. लोक मला विचारतात लग्न कधी करणार, भीती वाटत नाही का, केस बांधून पळता येतं का. सी तिजानी विचारतात प्रयोग कसा चाललाय. कार्ड का दाखवलं, हे आजवर मला एकानेही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे.

हम्मादीने त्या पोराला पाय लावला नाही हे खरं. त्याने डाव्या हाताने त्याचा शर्ट मागून धरला होता आणि तो पळत सुटला तेव्हाही सोडला नाही. तुमच्या कठड्यावरून हम्मादीची पाठ दिसते, डावा हात दिसत नाही. मी चार पावलांवर होते.

कार्ड बरोबर होतं, काकू. मागे घेणार नाही.

आपली,
दोर्रा
पंच